वहीतल्या एकाहत्तर खुणा

उशीच्या अभ्र्याच्या तीन बाजू शिवून झाल्या होत्या आणि चौथी अर्ध्यावर आली होती, एवढ्यात वीज गेली. मोटरची घरघर एकदम बसली, सुई कापडातच रुतून राहिली. मावशीने कपाळावर मारून घ्यायला हात उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

मशीनच्या लाकडी बाजूला पाठ टेकून जमिनीवर बसलेली भिंगरी वळली होती. मान वर करून, दोन्ही भुवया उंचावून ती मावशीकडे बघत होती. रोज हाक मारल्यावर बघायची, अगदी तसंच. काय गं, कशाला बोलावलंस?

आणि मावशीने तर तोंडही उघडलं नव्हतं.

"पंखा थांबला ना, वारा लागेना, म्हणून वळली असेल," मावशी स्वतःलाच म्हणाली. पण तिचं तिलाच ते पटलं नाही.

भिंगरी म्हणजे तिची भाची, धाकट्या बहिणीची लेक. वय अडीच. खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण पोरगी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणत. तिचे बाबा जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले आठ महिने पाण्यावर. धाकटी टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायची, सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला यायची. तेवढा सगळा वेळ भिंगरी मावशीची. आणि भिंगरी शांत बसण्याची जगात एकच जागा होती, मशीनखाली, रिकाम्या रिळांचा डबा पुढ्यात घेऊन. तिथे ती तासन् तास मनोरे रचायची आणि पाडायची.

जन्मली तेव्हाच्या तपासणीत तिचे कान पास झाले होते. त्यामुळे दीड वर्षाची झाली तरी शब्द फुटेना, तेव्हा शेजारपाजारच्यांनी "उशिरा बोलणारी मुलं हुशार निघतात" असा दिलासा दिला आणि या दोघींनी तो आनंदाने घेतलाही. मग एकदा मोठी तपासणी झाली. डोक्याला तारा चिकटवून, भिंगरीला झोपवून. त्या दिवशी कानाच्या दवाखान्यातल्या तपासणीवाल्या बाईंनी दोघींना समोर बसवून नीट समजावून सांगितलं.

"कान आवाज घेतोय. पण तिथून मेंदूकडे जाणारी जी नस आहे, तिच्यातून जाताना आवाज विस्कटतो. कधी थोडासा पोचतो, कधी त्याचे तुकडे पोचतात, कधी काहीच नाही."

मावशीने थोडा विचार केला. "म्हणजे धाग्याचा ताण बिघडतो तसं? वरून टाका दिसतो, पण कापड उलटं केलं की खाली नुसता गुंता?"

बाई हसल्या. "अगदी तसंच. आता मी सगळ्यांना हेच सांगणार."

मग कानामागचं साधं यंत्र लावून पाहिलं, सहा महिने. त्याने आवाज मोठा झाला, म्हणजे गुंता मोठा झाला. भिंगरी ते काढून रिळांच्या डब्यात टाकायची. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. कानाच्या आतल्या शंखात बारीक तार सरकवायची, बाहेरच्या यंत्राने पकडलेला आवाज विजेचे लहान लहान ठोके होऊन त्या तारेतून नसेला जाणार. ठोके सगळे एका तालात पडले की नसही ताल धरण्याची शक्यता असते. फोटोत नस दिसत होती, ही जमेची बाजू. पण खात्री कुणी देणार नाही, असंही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

धाकटीचं मन तिथल्या तिथे तयार झालं. जहाजावरून फोन आला, "तुम्ही दोघी ठरवाल ते." मावशीचं मात्र पाऊल उचलेना. या दोघींची आई एका लहानशा ऑपरेशनला म्हणून स्वतःच्या पायांनी चालत गेली होती आणि परत आली नव्हती. तेव्हा मावशी सतरा वर्षांची होती, धाकटी सहाची. त्यानंतरच मावशी शिवण शिकली आणि त्या शिवणावर तिने बहिणीला वाढवलं. आता या इवल्याशा डोक्याला कानामागे भोक पाडणार, हे तिला ऐकवेना.

"पण ती घरी ऐकते हो," तिने बाईंना सांगितलं. "माझ्या हाकेला वळते."

बाईंनी ते उडवून लावलं नाही. "या आजारात तसंही होतं. इथे ऐकू येत नाही आणि घरी येतं, असं असू शकतं. तुम्ही तीन महिने वही ठेवा. तारीख, वेळ, कुठला आवाज, वळली की नाही. मात्र ती पाठमोरी असताना. तुम्ही तिला दिसता कामा नये."

मावशीने वही ठेवली ती एखाद्या व्रतासारखी. कपाटाच्या आरशावर चादर टाकली, प्रतिबिंब नको. बांगड्या काढून ठेवल्या. केसांना तेल लावणं सोडलं, वास जाईल म्हणून. सावली कुठे पडते ते बघून खिडकीचा पडदा ओढायची. एकदा हाकेच्या वेळीच पडदा हलला, तर केलेली खूण तिने स्वतः खोडली होती. आणि एवढं सगळं करूनही खुणा वाढतच गेल्या. बरोबरच्या एकाहत्तर, फुल्या तेवीस. त्या तेवीसपैकी बहुतेक धाकटीच्या. रविवारी धाकटी हाका मारायची, आणि भिंगरी ढिम्म.

"तुझं ऐकत नाही यात नवल काय?" मावशी चिडवायची. "तू तरी कधी माझं ऐकलंस?"

"हो बाई. तुझ्याच वळणावर गेली आहे. भाव खाते."

"अगं, तू दमून येतेस, आवाज खोल जातो तुझा. जरा जीव ओतून हाक मार."

धाकटी हसायची आणि वहीत फुली मारायची.

वही बघून मागच्या महिन्यात बाई म्हणाल्या होत्या, घरी इतकं ऐकत असेल तर घाई नको. येत्या गुरुवारी डॉक्टरांसमोर वही ठेवू, बहुधा आणखी सहा महिने वाट पाहू. धाकटीने मान डोलावली. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "ताई, ऐकून भाषा शिकायचं वय थांबून राहत नाही म्हणतात." पण वहीतल्या खुणांपुढे तीही काय बोलणार?

आज मंगळवार होता.

वीज सव्वाअकराला आली. मावशीने पंखा मुद्दाम बंद ठेवला. अभ्रा सुईखाली सरळ केला, पायडल दाबलं, वीतभर शिवण होऊ दिली आणि चकार शब्द न काढता पाय उचलला.

भिंगरी वळली.

मावशीने पुन्हा शिवलं, पुन्हा थांबली. पोरगी पुन्हा वळली. तिसऱ्या खेपेला तर खुदकन हसली. तिला वाटलं, मावशीने नवीन खेळ काढला.

आता उलटं करून बघायचं होतं. मशीन चालू ठेवायचं आणि हाक मारायची. आणि इथे मावशीला एक गोष्ट कळली, जी एकतीस वर्षांत कळली नव्हती. तिला ते जमतच नव्हतं. तोंड उघडलं की पाय आपोआप सुटायचा. शिवण शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात लाकडी पट्टीने गुडघ्यावर मारून तो धडा दिला होता, पाय चालू असेल तर तोंड बंद आणि बोलायचं असेल तर पाय बंद. एकीच्या बोटात गप्पांच्या नादात सुई गेली होती, तेव्हापासूनचा नियम. मावशीच्या अंगात तो असा मुरला होता की दारावर कुणी आलं, भाजीवाल्याला थांबवायचं झालं, भिंगरीला हाक मारायची झाली, तरी आधी पाय थांबायचा आणि मग शब्द निघायचा. आणि पाय थांबला की मशीनची थरथर थांबायची. त्या थरथरीला पाठ लावून बसलेल्या पोरीला ती थांबलेली लगेच कळायची.

चौथ्या खेपेला मावशीने डाव्या हाताने स्वतःचा गुडघा दाबून धरला आणि ओरडली, "भिंगरी!"

शिवण वाकडी झाली. भिंगरीने मनोऱ्यावर निळं रीळ ठेवलं.

मावशीने मशीन बंद केलं आणि पोरगी पुन्हा रिळांत रमेपर्यंत वाट पाहिली. मग हळूच उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग जिवाच्या आकांताने, इतकी की वरच्या मजल्यावरची वकीलबाई खिडकीतून डोकावली आणि "काय झालं हो?" म्हणाली.

"काही नाही, काही नाही," मावशी म्हणाली.

भिंगरी मनोरा रचत होती.

मावशीने वही काढून पहिल्या पानापासून वाचली. अकरा ते एक. तीन ते पाच. जवळजवळ सगळ्या बरोबरच्या खुणा मशीनच्या वेळेतल्या. एके ठिकाणी 'दार आपटलं, वळली' असं होतं. फळ्यांची जमीन, दार आपटलं की मावशीलाही पायाखाली कळायचं. मध्येच तिच्याच हातची एक फुली होती, 'न्हाणीघरातून हाक, नाही', आणि शेजारी तिनेच लिहिलेलं, 'पाण्याचा आवाज होता'. सबब शोधायला तिला कधी लांब जावं लागलंच नव्हतं.

भिंगरीला जेवू घालून झोपवलं आणि मावशी देवापुढे बसली. नेहमीचं स्तोत्र सुरू केलं, पण दुसऱ्या ओळीलाच अडलं. प्रत्येक खुणेमागे तिने एक नमस्कार घातला होता. ते एकाहत्तर नमस्कार आता परत तरी कसे मागायचे?

"राहू देत तुझ्याकडेच," ती म्हणाली. "मी लबाडी केली नव्हती. चूक केली. पण आता गप्प बसले तर ती लबाडी होईल, हे तुलाही कळतं आणि मलाही."

गप्प बसणं सोपं होतं. वही जशी आहे तशी गुरुवारी बाईंच्या हातात द्यायची, बस्स. सहा महिने कुणी त्या कानामागे हात लावणार नव्हतं. तिला जे हवं होतं ते तिच्या हातात आयतं होतं. तिने वही उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग उठून तिने वहीच्या शेवटच्या पानावर, ठळक अक्षरात, दोन ओळी लिहिल्या.

सहाला धाकटी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मावशी म्हणाली, "इथे बस. चप्पल नंतर काढ."

"काय झालं? भिंगरी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू फक्त बघ."

मावशी मशीनवर बसली. शिवलं, थांबली. भिंगरी वळली आणि दारात आई दिसताच तिने दोन्ही हात वर केले. धाकटीने तिला कडेवर घेतलं नाही. ती बहिणीच्या पायाकडे बघत होती.

"परत कर," ती म्हणाली.

मावशीने परत केलं. मग मशीन बंद करून लांबून हाका मारून दाखवल्या. मग काही न बोलता वहीचं शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. धाकटीने ते वाचलं आणि चपलेसकट जमिनीवर फतकल मारली.

"म्हणजे ती तुझंही ऐकत नव्हती?"

"नाही गं."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

धाकटीला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना, आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले. मावशी घाबरली. वाईट बातमी ऐकून हे काय भलतंच!

"तीन महिने, ताई," धाकटी म्हणाली. "तीन महिने मला वाटत होतं, माझ्याच आवाजात काहीतरी खोट आहे. लेकीला आईचा आवाज नको झालाय. टपाल लावता लावता मी तोंडातल्या तोंडात तिचं नाव म्हणून बघायचे, वेगवेगळ्या पट्टीत. शेजारचा म्हातारा कारकून विचारायचा, कुठला मंत्र जपताय?"

मावशीने वही मिटून बाजूला ठेवली. "खुळी कुठली. मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगणार? तू वही छातीशी धरून फिरत होतीस."

भिंगरी आईच्या चपलेचा पट्टा उघडझाप करत होती.

"आई अशीच गेली होती गं," मावशी शेवटी म्हणाली. "हसत. संध्याकाळी येते म्हणून."

"आई फार आजारी होती, ताई. तुला तेव्हा कुणी सांगितलं नसेल, मला मोठी झाल्यावर मामाने सांगितलं. ही तर घोड्यासारखी आहे. बघ, चप्पल खाते आहे."

"काढ ती तोंडातून!"

गुरुवारी बाईंनी वही शेवटून उघडली, कारण मावशीने तशीच हातात दिली. पानावर लिहिलं होतं: 'आधीच्या बरोबरच्या खुणा मशीन थांबल्याच्या आणि जमीन हलल्याच्या आहेत. हाकेची एकही नाही.' बाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे कुणाच्या लक्षात आलं?"

"वीज गेली होती," मावशी म्हणाली. जणू श्रेय वीज कंपनीचंच होतं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "हाक मारताना ती काय करते ते मी विचारलं. तुम्ही काय करत असता, हे विचारलंच नाही."

डॉक्टरांनी सहा महिन्यांचा विषय बाजूला ठेवला. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्यांनी पुन्हा सांगितलं की खात्री नाही, आणि या वेळी मावशीने सहीच्या कागदाखाली स्वतःच आधाराला पुठ्ठा धरला आणि धाकटीने सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी मावशीने सोबत एक रुमाल नेला होता. बाहेरच्या बाकावर तिने त्याची कड तीनदा दुमडून शिवली आणि तीनदा उसवली. मध्ये एकदा धाकटी म्हणाली, "तो रुमाल काय म्हणेल!" दोघी हसल्या आणि पुन्हा दाराकडे बघत बसल्या. अडीच तासांनी भिंगरीला बाहेर आणलं. डोक्याला पट्टी, गाल सुजलेले. तिने डोळे किलकिले केले, मावशीला पाहिलं आणि तोंडाकडे हात नेऊन खायला मागितलं. मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि बऱ्याच वेळाने वळली.

महिन्याभराने बाहेरचं यंत्र सुरू केलं, त्या दिवशी चमत्कार वगैरे काही झाला नाही. भिंगरीने डोळे मिचकावले, हातातला ठोकळा खाली पडू दिला आणि यंत्राची डोक्याला चिकटणारी चकती ओढून फेकली.

"नेम चांगला आहे," बाई टेबलाखालून ती उचलत म्हणाल्या. "दर थोड्या दिवसांनी येऊन आवाज वाढवत नेऊ. आत्ता तिला जे पोचतंय ती नुसती टिकटिक आहे. त्याचा अर्थ तिला शिकावा लागेल. तुम्ही बोलत राहा."

घरी यंत्राचे वेगळेच प्रताप. चकतीत लोहचुंबक. पहिल्याच आठवड्यात भिंगरी पिनकुशनजवळ डोकं नेऊन उठली ती डोक्यावर सात टाचण्या घेऊन. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या टाचण्या झाकणाच्या डब्यात गेल्या आणि डबा कपाटात.

मावशीने नवी वही केली. या वेळी नियम फार कडक होते. मशीनची वायर भिंतीतून काढलेली. भिंगरी जाड गादीवर, जमिनीला अंगाचा स्पर्श नाही. हाक मारणारीने खुर्चीवर बसायचं आणि दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवायचे. अशा वहीत सहा आठवडे नुसत्या फुल्या पडल्या.

"निदान एखादी अर्धी खूण तरी कर गं," धाकटी म्हणायची. "काल ती जरा थबकली होती."

"अर्धी खूण नसते."

"काय कडू झाली आहेस!"

"एकदा गोड होऊन बघितलं की."

सातव्या आठवड्यातला रविवार. मावशी खुर्चीवर पाय वर घेऊन एका झग्याला काज करत होती. धाकटी पलंगावर मांडी घालून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भिंगरी गादीवर, दोघींकडे पाठ, रिळं रांगेत लावत होती. धाकटी स्वतःशीच पुटपुटली, "आता भिंगरीचा दुसरा मोजा कुठे गेला?"

भिंगरीचा हात थांबला. ती वळली. मावशीकडे नाही, सरळ आईकडे.

खोलीत कुणी हललं नाही. मग मावशी ओठ न हलवता म्हणाली, "तिला वळू दे परत. पाय हलवू नकोस. हातातलं कापडही झटकू नकोस."

"ताई, ती..."

"गप्प. थांब."

भिंगरी पुन्हा रिळांकडे वळली. धाकटीने हाक मारली. भिंगरी वळली. तिसऱ्यांदा हाक मारली, वळली. मावशीने खोलीभर नजर फिरवली. खिडकी बंद, पंखा बंद, आरशावर चादर.

"आणखी एकदा."

"भिंगरी!"

या वेळी भिंगरी अख्खी वळली. एका हातात रीळ, दुसरा हात कमरेवर. कपाळाला आठ्या घालून तिने आईकडे पाहिलं आणि वैतागून, लांबच लांब आवाज काढला, "आऽऽ?" चार चार वेळा काय बोलावता, सांगा तरी!

"लिही," मावशी म्हणाली.

"तू लिही ना. मला अक्षर दिसत नाही आत्ता."

"खूण तुझी आहे. तूच कर. पुसून घे डोळे आणि कर."

धाकटीने डोळे पुसले आणि खूण केली, जरा वाकडीच. मावशीला स्वतः हाक मारून बघायचा मोह झाला नाही असं नाही. पण तिने तोंड उघडलं नाही. आजचा दिवस तिचा नव्हता. तिने मनातल्या मनात एक नमस्कार घातला, काजाचा शेवटचा टाका घेऊन दोरा कातरला आणि पिशवी हातात घेतली. यंत्राच्या बॅटऱ्यांच्या पाकिटात दोनच उरल्या होत्या आणि रविवारी औषधांचं दुकान दुपारी एकला बंद होतं. ती बॅटऱ्या आणायला निघाली.